कुणाला कोणती टोपी घालावी

भावी नगरसेवक साहेब, आधी अभिनंदन. ठाण्यात २०१७ नंतर आणि नवी मुंबईत २०१५ नंतर पालिकेची निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. तोवर तुम्ही इतकी वर्षं ‘भावी’ राहिलात की गल्लीतल्या पोरांना ते तुमचं आडनावच वाटायला लागलं. एवढं करून तिकीट हुकलंच. हरकत नाही. पुढच्या खेपेची तयारी आजपासून करू. तयारी म्हणजे फ्लेक्स. गटारं कुठे पळून जात नाहीत.

दहा बाय वीसच्या फ्लेक्सवर अख्खा प्रभाग बसवायचा तर माणसं मावत नाहीत, समाज मावतात. म्हणून समाज ओळखायचा तो डोक्यावर काय आहे त्यावरून. डोक्यात काय आहे ते छपाईत उठत नाही. फेटा, पगडी, जाळीची टोपी, मासळीची टोपली, सगळं फ्लेक्सवाल्या पोराकडे तयार असतं. फक्त एक पथ्य पाळा. मधोमध तुम्ही, आणि तुमच्या डोक्यावर काहीही नको. पांढरा शर्ट, जोडलेले हात, बस. आजूबाजूला सगळे ‘समाज’, तुम्ही तेवढे माणूस.

सुरुवात कोळी बांधवांपासून. चेंदणी कोळीवाडा ठाणे स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे तिथे जाऊन खरा फोटो काढायचा मोह होईल. टाळा. तिथे सकाळी नऊच्या सुमाराला लोकल पकडायला धावणारी बाई भेटेल. तिच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग असेल, आणि बॅग बघून कुठला मतदार ‘अरे, कोळी!’ म्हणणार? फ्लेक्सवर नऊवारी, गजरा, नाकात नथ आणि टोपलीत पापलेट हवंच. ते पापलेट खाडीतलं नाही हे कुणी विचारत नाही. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगोंसाठी २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये जगभरात महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा रामसरचा मान मिळाला. पक्ष्यांचं झालं. जाळं टाकणाऱ्याच्या हाताला काय लागतं ते फ्लेक्सवर दाखवायची पद्धत नाही.

असाच एक फ्लेक्स बघत मी एकदा उभा होतो. शेजारी एक आजी येऊन थांबल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, “हिने टोपली अशी धरली तर दोन पावलांत सगळी मासळी रस्त्यावर येईल. कोण आहे ही?” मी म्हटलं, मॉडेल असेल. “मग मला बोलवायचं. मी चाळीस वर्षं डोक्यावर वाहिली.” (आजी माझ्याशी अगदी पुस्तकी मराठीत बोलल्या. तुम्ही मात्र फ्लेक्सवर ‘आमी कोली’ असंच छापा, नाहीतर अस्सल वाटणार नाही.)

आगरी शेठ सोपे आहेत. गळ्यात बोटभर जाडीची साखळी, मागे बैलगाडा. सिडको १९७० मध्ये आली, नवी मुंबईसाठी जमीन गेली; साखळी आता फ्लेक्सवाला देतो. येऊरच्या आदिवासी पाड्यांसाठी तर माणूसही लागत नाही. कडेने वारली चित्रांची पट्टी फिरवा, दोन त्रिकोण आणि चार काड्या. त्याला तोंड काढलेलं नसतं, त्यामुळे ते पाणी मागत नाही. नेरूळ-वाशीच्या दाक्षिणात्यांसाठी कथकलीचा एक चेहरा. कथकली केरळची, तेलुगू आणि कन्नड मतदाराने समजून घ्यावं. साठच्या दशकात मुंबईत ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ ही घोषणा दणाणायची. तेव्हा लुंगी हटवायची होती, आता ओणमला ती नेसून फोटो काढायचा. लुंगीच्या आतल्या माणसाशी बोलायची वेळ दोन्ही खेपेला आली नाही.

सर्वधर्म करायचं असेल तर चार मुलांचं ते जुनं चित्र घ्या. त्यात ख्रिस्ती मुलगा टायवरून ओळखू येतो. इथल्याच मराठी ख्रिस्ती, म्हणजे ईस्ट इंडियन, आजीचं लुगडं तिथे चालत नाही, घोटाळा होतो.

आता रंग. तुम्ही प्रचारात उन्हातान्हात रापलेले असणार. पोराला सांगा, “जरा उजळ कर.” तो न सांगताही करतो. एवढंच बघा की आषाढीच्या फ्लेक्सवर शेजारी सावळा विठोबा असतो. तुम्ही फार गोरे झालात तर बडवे वाटाल.

इथवर झाला गोडवा. भीतीचा फ्लेक्स जरा कसबाचा, आणि त्याची विद्या परदेशातून घ्यावी लागते. १९८८ च्या अमेरिकन निवडणुकीत थोरल्या बुशांच्या बाजूने एका गटाने टीव्हीवर जाहिरात दिली. विली हॉर्टन नावाच्या एका कृष्णवर्णीय कैद्याचा पोलिसी फोटो, की झालं. सुट्टीवर सोडलेला कैदी आणि त्याने केलेला गुन्हा खरा होता, पण मतदाराच्या डोक्यात राहिला तो चेहरा. तुम्हालाही ‘नशामुक्त नवी मुंबई’ करायची असेलच. इंजेक्शनशेजारी एक काळी आकृती टाका, केस कुरळे. कॉलेजात शिकायला आलेला एखादा आफ्रिकी मुलगा त्याच फ्लेक्सखाली रिक्षाची वाट बघत असेल आणि तीन रिक्षा त्याला न घेता जातील. त्याचं मत इथे नाही, तेव्हा खर्च शून्य.

याहून पोहोचलेले गुरू म्हणजे नॉर्थ कॅरोलिनाचे सिनेटर जेसी हेल्म्स. १९९० मध्ये समोर हार्वे गँट हे कृष्णवर्णीय उमेदवार होते. हेल्म्सच्या जाहिरातीत काळा माणूस नोकरी हिरावताना दिसतच नाही. दिसतात दोन गोरे हात, नोकरी नाकारल्याचं पत्र चुरगळणारे. हेल्म्स निवडून आले. आणि २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये ब्रेक्झिटच्या वेळी निर्वासितांच्या रांगेचं पोस्टर लागलं. फोटो क्रोएशिया-स्लोव्हेनियाच्या सीमेवरचा, मतदान ब्रिटनचं. त्या रांगेत ठळक दिसणारा एकच गोरा माणूस होता आणि मजकुराची चौकट नेमकी त्याच्यावर बसवली होती. आपला फ्लेक्सवाला म्हणेल, “साहेब, मॅटर बसत नव्हतं.” मॅटर कुठे बसवायचं, हीच तर कला.

कायद्याची धास्ती बाळगू नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३) धर्म, वंश, जात, समाज, भाषा यांच्या नावाने मतं मागू देत नाही. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी सांगितलं की यात मतदाराचा धर्म आणि जातही आली. ते प्रकरण आपल्या सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतलं, निकालाला सत्तावीस वर्षं लागली. तेवढ्यात तुमच्या पाच टर्म होतात. शिवाय कलमात धार्मिक चिन्हांचा उल्लेख आहे. टोपली, लुंगी, ऊस ही काही धार्मिक चिन्हं नव्हेत. (ते कलम विधानसभा-लोकसभेचं आहे. पालिकेला वेगळे नियम, पण फ्लेक्स तोच.)

उसावरून आठवलं. उत्तर भारतीयांच्या दोन फाइली ठेवा. पहिली छठपूजेची: उपवन तलाव, सूप, ऊस, खाली हिंदीत शुभेच्छा. दुसरी ‘लोंढे थांबवा’ची: गच्च गाडी, दारात लटकलेली माणसं, खाली ठसठशीत मराठी. दोन्हींत एकच माणूस चालतो, फक्त पहिल्यात त्याला रंगीत ठेवा आणि दुसऱ्यात करडा करा. फाइलींना नावं मात्र नीट द्या. घाईत अदलाबदल झाली तर मतदारांना कळायचं नाही, पण तो फ्लेक्स रात्री दोनला तीन हात नाक्यावर बांधायला जो खाली बांबू धरून उभा असतो ना, तो मान वर करून बघतो.