खुलासा : सुपरकपॅसिटरमधलं आयनिक लिक्विडचं मिश्रण ‘अग्निरोधक’ नाही

‘आयनिक लिक्विड पेटत नाही, म्हणून ते घातलेला सुपरकपॅसिटर आग पकडूच शकत नाही, आणि तो लिथियम बॅटरीची जागा घेणार’ असा मेसेज सध्या फिरतोय. (सुपरकपॅसिटर म्हणजे झटपट चार्ज होणारं, वीज साठवणारं साधन; आयनिक लिक्विड म्हणजे त्यात वापरलं जाणारं द्रवरूप मीठ.) पहिलं अर्धवाक्य बऱ्याच अंशी खरं आहे, म्हणूनच पुढचं पटकन पटतं.

शुद्ध आयनिक लिक्विड दाट असतं. त्यात आयन, म्हणजे वीज वाहून नेणारे भारित कण, मंद सरकतात, थंडीत तर फारच. म्हणून त्यात अॅसिटोनायट्राइलसारखा पातळ सेंद्रिय द्रावक मिसळतात. मग वाहकता कितीतरी पटींनी वाढते. पण या द्रावकाचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) सुमारे २ अंश सेल्सिअस, उत्कलनबिंदू ८२. त्याच्या कोणत्याही सुरक्षा पत्रकात हे आकडे सापडतील. द्रावक पुरेसा असेल तर मिश्रणही पेटू शकतं. प्रमाण किती, हे मेसेजमध्ये नाहीच, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे.

बॅटरीचं म्हणाल तर ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गानुसार वाढते. नेहमीच्या २.७ वरून आयनिक लिक्विडमुळे ३.५ व्होल्टवर गेलं तरी, धारिता (दर व्होल्टमागे साठणारा विद्युतभार) तीच असेल तर, ऊर्जा जेमतेम १.७ पट. बाजारातले सुपरकपॅसिटर किलोला साधारण ५ ते १० वॉट-तास देतात, लिथियम-आयन बॅटऱ्या दीडशेच्या पुढे.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.