जत्रेचं मैदान मोकळंच राहू द्या

आमच्या गावच्या जत्रेच्या मैदानावर गाळे काढायचे, खाली दुकानं आणि वर मंगल कार्यालय, असा विषय पुन्हा निघालाय. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नकाशा फिरतोय आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागलीय. 'बरं होईल, नाहीतरी तिथं नुसत्या वेड्या बाभळी माजल्यात,' असं एका भावाने लिहिलंय. बाभळी माजल्यात हे खरं आहे. जनावरांना पाणी पाजायच्या दगडी कुंड्या फुटल्यात, कुस्तीच्या हौद्यात पावसाचं पाणी साचतं, लाइटचे खांब वाकलेत. तरीही मला हे गाळे मान्य नाहीत. का नाहीत ते सविस्तर लिहिते. पोस्ट लांबेल, पण गावच्या मंडळींनी शेवटपर्यंत वाचावी अशी कळकळीची विनंती.

ज्यांनी ते मैदान भरलेलं पाहिलंच नाही, त्यांच्यासाठी थोडं आधीचं. आपल्या माणदेशात जत्रा एकामागे एक येतात. मार्गशीर्ष लागला की म्हसवडला सिद्धनाथाचा रथ, मग पुसेगावला सेवागिरी महाराजांचा, पौषात औंधची यमाई, खरसुंडीचा बाजार. पाळणेवाले, खेळणीवाले, कासार, तंबूतल्या सिनेमावाले, बैलांचे हेडे म्हणजे दलाल, सगळे याच वाटेने सरकत माघात आपल्याकडे पोचायचे. आपली जत्रा त्या मानाने लहान. पण ओढ्यापासून देवळाच्या मागच्या भिंतीपर्यंत पाय ठेवायला जागा नसायची.

ओढ्याच्या अंगाला जनावरं. आबा मला बैल बघायला घेऊन जायचे, आणि पोरीला कशाला बाजारात नेता म्हणून आजी दरवर्षी कुरकुरायची. खिल्लारांच्या रांगाच्या रांगा, शिंगांना हिंगूळ, कपाळावर गोंडे. आबा बैलाचा जबडा उघडून दात बघायचे आणि मला विचारायचे, 'सांग, आदत का दोनदाती?' म्हणजे अजून दुधाचेच दात, का दोन पक्के आलेले. सौदा मात्र तोंडाने होत नसे. दोन माणसं समोरासमोर उभी राहायची, हातांवर टॉवेल टाकायची आणि टॉवेलाखाली बोटं दाबून आकडा सांगायची. शेजारी दहा माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच ठाऊक. मी टॉवेलाच्या हालचालीकडे टक लावून बघत राहायचे. एकदा आबांनी माझ्या हातावर टॉवेल टाकून दोन बोटं दाबली आणि म्हणाले, 'एवढ्याला तुला पेढे.' जत्रेतलं सगळ्यात लख्ख आठवतं ते हे.

त्याच्या पलीकडे कासरे, म्होरक्या, वेसणी, घुंगरमाळांची दुकानं. नव्या सुताचा वास, शेणाचा वास आणि जिलबीच्या तुपाचा वास एकत्र यायचा. मधे आकाशपाळणा, मौत का कुआ. त्या फळ्यांच्या विहिरीत मोटरसायकल वर चढायला लागली की कठड्याला धरलेले हात थरथरायचे, आणि कोणीतरी पुढे केलेली नोट तो गडी चालत्या गाडीवरून अलगद काढून घ्यायचा. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या दुपारी, मोठ्यांचा फड संध्याकाळी, हलगी दिवसभर.

आणि तंबूतला सिनेमा! ट्रकवर बसवलेलं मशीन, बाहेर धडधडणारा जनरेटर, खाली माती, मधे दोरी, एकीकडे बाया आणि दुसरीकडे बाप्ये. जागा नाही मिळाली तर पडद्याच्या उलट्या बाजूने बसायचं, पाट्या उलट्या दिसायच्या, पण सिनेमा तोच. मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या जळायच्या आणि त्या उजेडावर चित्र दिसायचं. जळून उरलेली थोटकं सकाळी ट्रकखाली पडलेली असायची, वरून तांब्याचा मुलामा आणि आत काळी. ती वेचायला आम्ही पोरं उजाडायच्या आत जायचो. माझ्याकडे डबाभर होती. त्यांनी शाळेच्या भिंतीवर रेघाही छान उठायच्या.

एक गोष्ट गावातल्या पुरुषमंडळींच्या बहुधा लक्षात आलेली नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. एरवी वर्षभर आपल्या गावात बाईमाणसाला विनाकारण बाहेर थांबायला जागा नव्हती. पारावर पुरुष, स्टँडवर पुरुष, चावडीपुढे पुरुष. विहीर, शेत, देऊळ, दळण, एवढ्याच वाटा, आणि त्याही कामाच्या. जत्रेचे आठ दिवस मात्र माझी आई, आत्या, माहेरपणाला आलेल्या सगळ्या लेकी दिवेलागणीनंतरही त्या मैदानावर फिरायच्या. कासाराच्या पुढ्यात बसून चुडा भरायला तासभर लागला तरी कोणी विचारायचं नाही. माझी आत्या घरात पदर ढळू द्यायची नाही, तीच पाळण्यात वर गेली की मोठ्याने हसायची. तमाशाच्या कनातीत बायांना मज्जाव होता, हे खरं आणि ते मला तेव्हाही खुपायचं. पण बाकी सगळं मैदान आमचं होतं. गाळे झाले की तिथं फक्त गिऱ्हाईक म्हणून जाता येईल. काही घ्यायचं नसताना नुसतं उभं राहणाऱ्या बाईला गाळ्यापुढे किती वेळ थांबू देतील, ते सांगा.

जत्रा का मोडली? 'लोकांना हौस राहिली नाही' हे उत्तर मला पटत नाही. हौस आजही आहे, पुसेगावला जाऊन बघा. आपल्याकडे एकेक आधार निघत गेला. आधी ट्रॅक्टर आला आणि दावणीतली जोडी गेली. शर्यतीसाठी खोंडं पाळणारे उरले होते, तर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली. २०१५ च्या कायद्याने बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, म्हातारा बैल कोणी घेईना, आणि तो विकला गेल्याशिवाय नवा घ्यायला हातात पैसे येईनात. तंबूवाल्यांना आधी व्हिडिओने आणि टीव्हीने गाठलं, पुढे रिळांच्या प्रती निघायच्याच बंद झाल्या. तमाशाचा वग रंगायचा तो मध्यरात्री, आणि दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे. झोपणाऱ्यांचाही हक्क आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण फडाचं गणित त्याने बिघडलं. मग २०२० आणि २०२१ ला करोना. शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, तोवर आपल्याकडचे व्यापारी वाट विसरले होते. २०२२ मध्ये लम्पी हा जनावरांचा साथीचा त्वचारोग आला आणि राज्यभरचे जनावरांचे बाजार बंद झाले. एवढे घाव लागोपाठ बसले तर लहान जत्रा कशी टिकेल? मोठ्या देवस्थानांनी पाण्याची, जागेची, व्यापाऱ्यांच्या मुक्कामाची व्यवस्था राखली म्हणून ती टिकली. आपण पालखी आणि नैवेद्य तेवढा राखला आणि बाकीचं सोडून दिलं.

पण जत्रा गेली म्हणजे मैदानाचं काम संपलं, असं जे गृहीत धरलं जातंय ते साफ चूक आहे. २०१२-१३ चा दुष्काळ आठवा. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची जनावरांची चारा छावणी होती, तालुक्यात ठिकठिकाणी छावण्या उभ्या राहिल्या. आपल्या गावची जनावरं कुठे बांधली होती? याच मैदानावर. चारा इथं उतरत होता, टँकर इथं रिकामा होत होता, माणसं जनावरांपाशीच झोपत होती. जिथं आबांनी बैल पारखले तिथं माझा चुलतभाऊ हाडं दिसणाऱ्या गाईला उसाचं वाढं घालत होता. पुढे करोनात बाजारपेठेत गर्दी नको म्हणून भाजीबाजार हलवला, तोही इथंच. माणदेशात दुष्काळ पुन्हा येणार नाही, असं छातीठोकपणे सांगणारा कोणी असेल तर त्याने पुढे यावं. तेव्हा छावणी मंगल कार्यालयाच्या गच्चीवर घालणार का?

उत्पन्नाचा मुद्दा मी समजू शकते. गावाला पैसा लागतो, गटारं करायची आहेत, दिवे लावायचे आहेत. पण स्टँडसमोरचे गाळे बघा, वरच्या मजल्यावरची कितीतरी शटर उघडतच नाहीत. त्यात आणखी भर घालून भाडं कोण देणार? शिवाय या जागेची नोंद गायरान म्हणून आहे. गायरानं आणि गावाच्या सामाईक जमिनी राखा, तिथली बेकायदा बांधकामं काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात सगळ्या राज्यांना बजावलंय. सार्वजनिक कामासाठी अशी जागा मागता येते हे मला माहीत आहे, पण भाड्याचे गाळे हे गावाचं सार्वजनिक काम कसं, हे कोणीतरी नीट लिहून द्यावं.

ज्याची शेती आहे त्याला रान आहे. ज्याचं घर ऐसपैस आहे त्याला अंगण आहे. मेंढरं घेऊन येणारा मेंढका, गाढवांवर संसार लादून येणारी माणसं, पत्र्याच्या एका खोलीत राहणारी ऊसतोड कामगारांची पोरं, यांना गावात पाय पसरायला हे एकच ठिकाण उरलंय. आजही संध्याकाळी तिथं बाभळी टाळून पोरं क्रिकेट खेळतात. परवा गेले होते तेव्हा दोन मुली सायकल शिकत होत्या, एक चालवत होती आणि दुसरी मागे धरून धावत होती. रस्त्यावर त्यांना कोण शिकू देईल?

जुनी जत्रा जशीच्या तशी परत आणा, असा माझा हट्ट नाही. बाभळी काढा, कुंड्या बांधून घ्या, हौद्यात लाल माती भरा, चार दिवे लावा, बायकांसाठी एक धड स्वच्छतागृह बांधा. याला गाळ्यांच्या मानाने कितीतरी कमी खर्च येईल. माघात आठ दिवस पाळणा आणि खेळणीवाल्यांना जागाभाडं माफ करून बोलावून बघा, ते येतात की नाही ते कळेल.

माझा हरकतीचा अर्ज लिहून तयार आहे. नकाशा अजून ग्रुपवरच फिरतोय, रीतसर सूचना निघाली की हरकतींची मुदत सुरू होईल आणि ती मोजकीच असते. म्हणून सह्या आत्तापासून हव्यात. पुण्या-मुंबईला असलेल्यांनी अर्जाची प्रत मागवून घ्यावी, गावात असलेल्यांनी रविवारी सकाळी देवळाच्या मागच्या दाराशी यावं. बायकांनी तर यावंच. आणि ज्यांच्याकडे जत्रेचे जुने फोटो असतील, रंगवलेल्या ताजमहालापुढे उभं राहून काढलेलेसुद्धा, त्यांनी ते सोबत आणावेत. जागेचा वापर पिढ्यान् पिढ्या सगळ्यांनी केलाय, हे दाखवायला ते अर्जाला जोडायचे आहेत.