मेरिल स्ट्रीपला अठरा ऑस्कर मिळालेले नाहीत, आणि ती शिकूनच अभिनेत्री झाली

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. "मामा, मी फॉर्म भरत नाहीये." कसला फॉर्म, हे विचारावं लागलं नाही. दोन महिने घरात तोच विषय आहे. तिला नाट्यशास्त्राच्या अभ्यासक्रमाला जायचंय, त्यासाठी तिने दोन स्वगतं पाठ केलीत, त्यातलं एक मी रोज फोनवर ऐकतो. मग अचानक काय झालं? तर म्हणाली, "मेरिल स्ट्रीपने कुठे शिक्षण घेतलं होतं? टॅलेंट असलं की पुरतं. सुमामावशीने पाठवलंय बघ ग्रुपवर."

बघितलं. फोटो ओळखीचाच निघाला. गेली काही वर्षं हा मजकूर जगभर फिरतोय, मराठीतही फिरतोय आणि दर फेरीत त्याला नवं शेपूट फुटतंय. सुमाताईने पाठवलेला अवतार थोडक्यात असा: न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एक तरुण मुलगी, हा फोटो 'किंगकाँग' सिनेमाच्या ऑडिशनहून परततानाचा. तिला 'तू कुरूप आहेस' म्हणून हाकललं. ती निर्मात्याला म्हणाली, "तुमचं मत म्हणजे हजारोंच्या समुद्रातलं एक मत, मी निघाले जास्त मायाळू लाट शोधायला." भूमिका एका देखण्या बाहुलीला मिळाली, तिला आज कोणी ओळखत नाही. आणि कुठलंही शिक्षण नसलेल्या, रंगमंच न पाहिलेल्या या साध्या मुलीने केवळ आत्मविश्वासाच्या जोरावर अठरा ऑस्कर मिळवले. खाली हात जोडलेले, फुलं, 'आपल्या मुलींना नक्की पाठवा'.

सुमाताईने का पाठवलं ते मला कळतं. मागच्या आठवड्यात भाची एका मालिकेच्या ऑडिशनला गेली होती. दोन तास बसवून ठेवलं आणि "चेहरा हिरोइनचा नाही, मैत्रिणीचा रोल निघाला तर कळवू" असं सांगून परत पाठवलं. पोरगी दोन दिवस जेवली नाही. मावशीला वाटलं, हे वाचून तिला धीर येईल. पण ताई, तुझ्या धीराच्या मजकुराने तिच्या हातातला फॉर्म खाली ठेवला. म्हणून हे सगळं लिहायला बसलोय.

आधी किरकोळ गोष्टी संपवतो.

अठरा ऑस्कर कोणालाच मिळालेले नाहीत, म्हणजे अभिनयासाठी. मेरिल स्ट्रीपला तीन आहेत. १९७९ च्या 'क्रेमर व्हर्सेस क्रेमर'साठी सहायक अभिनेत्रीचा, १९८२ च्या 'सोफीज चॉइस'साठी आणि २०११ च्या 'द आयर्न लेडी'साठी मुख्य अभिनेत्रीचा. नामांकनं मात्र एकवीस. मजकूर पहिल्यांदा कोणी लिहिला तेव्हा नामांकनं अठराच्या आसपास असावीत आणि त्याने नामांकन आणि पुरस्कार एकच धरले. एकवीस वेळा नामांकन हाच अभिनयातला विक्रम आहे, तो फुगवायची गरज कोणाला का वाटावी?

फोटो. फोटो तिचाच आहे आणि न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतलाच आहे, एवढं खरं. पण तो टेड थाय या छायाचित्रकाराने १९८१ साली काढलेला आहे. 'किंगकाँग' पडद्यावर आला डिसेंबर १९७६ मध्ये. म्हणजे फोटो काढला तेव्हा त्यातल्या बाईच्या घरी एक ऑस्कर आलेला होता. हिरमुसून घरी निघालेली नवखी मुलगी त्या डब्यात नाहीच.

आता 'कुरूप' म्हटल्याचा किस्सा. इथे मला मान्य करावं लागतं की हे घडलं होतं. ग्रॅहम नॉर्टनच्या ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमात तिने स्वतः सांगितलंय, ज्याला हवं त्याने यूट्यूबवर ऐकावं. तिच्या तोंडून ऐकल्यावर फॉरवर्डमधलं त्याचं काय करून टाकलंय ते कळतं. निर्माते दिनो दे लॉरेंतीस यांच्या मुलाने तिला वडिलांकडे नेलं होतं. ती आत आली, समोर बसली, आणि दिनो मुलाला इटालियनमध्ये म्हणाले, "के ब्रुत्ता!" किती कुरूप आहे ही, हे काय घेऊन आलास माझ्याकडे? अमेरिकेतल्या या मुलीला कुठून कळणार, असा हिशेब. पण ती इटालियन शिकली होती. तिने त्यांना इटालियनमध्येच उत्तर दिलं. मला फार वाईट वाटतं की मी असायला हवी तितकी सुंदर नाही, पण हे असं आहे, तुम्हाला मिळणार ते हेच. बस्स, एवढंच.

समुद्र नाही, लाट नाही, मायाळू काही नाही. ती लाटांची ओळ कोणा कॉपीरायटरची वाटते, बाईंच्या तोंडी ती कधी नव्हती. आणि माझ्या मते खरं उत्तर दसपट चांगलं आहे. समोरचा माणूस तुझ्याच तोंडावर, तुला कळत नाही असं समजून, तुझ्या चेहऱ्याबद्दल बोलतो आणि तू त्याच्या भाषेत, त्याच्या व्याकरणात त्याला गाठतेस. हे जमण्यासाठी आधी ती भाषा शिकलेली असावी लागते. फॉरवर्डवाल्याने नेमकी तीच गोष्ट गाळली, कारण शिकण्याचा उल्लेख आला की त्याची गोष्ट कोसळते.

'देखणी बाहुली'. हे वाचून मात्र माझं डोकं तापलं. ती बाहुली म्हणजे जेसिका लँग. 'किंगकाँग' हा तिचा पहिला सिनेमा. तोवर ती मॉडेलिंग करायची, पण त्याआधी पॅरिसमध्ये एत्येन देक्रू यांच्याकडे मूकाभिनय शिकून आलेली होती. सिनेमा आल्यावर समीक्षकांनी तिला झोडपलं, पुढची काही वर्षं तिला नीट काम मिळालं नाही. आणि मग १९८३ चा ऑस्कर सोहळा बघा. मुख्य अभिनेत्रीच्या नामांकनांत 'सोफीज चॉइस'साठी मेरिल स्ट्रीप आणि 'फ्रान्सिस'साठी जेसिका लँग, दोघी समोरासमोर. तो स्ट्रीपला मिळाला, आणि त्याच रात्री 'टूट्सी'साठी सहायक अभिनेत्रीचा लँगला. पुढे 'ब्लू स्काय'साठी लँगला मुख्य अभिनेत्रीचाही मिळाला. २०१६ मध्ये 'लाँग डेज जर्नी इंटू नाइट' या नाटकासाठी तिला टोनी मिळाला, अमेरिकन रंगभूमीचा सर्वांत मोठा पुरस्कार. तो मेरिल स्ट्रीपकडे आजही नाही. एका बाईला धीर द्यायचा म्हणून दुसऱ्या बाईला बाहुली ठरवायचं, ही कुठली रीत? भाचीला हिरोइनचा चेहरा नाही म्हणणारा माणूस आणि लँगला बाहुली म्हणणारा हा फॉरवर्ड, दोघेही चेहऱ्यावरून माप काढतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, ज्यामुळे माझी भाची फॉर्म भरायची थांबली. 'शिक्षण नाही, रंगमंच पाहिला नाही.'

ताई, नीट वाच. बारा वर्षांची असताना मेरिल स्ट्रीप शास्त्रीय गाणं शिकत होती, ऑपेराच्या नामांकित शिक्षिकेकडे. मग व्हॅसर कॉलेज, तिथे नाटकं, १९७१ मध्ये पदवी. मग येल विद्यापीठाची नाट्यशाळा, तीन वर्षं, १९७५ मध्ये पदव्युत्तर पदवी. त्या तीन वर्षांत ती वर्षाला डझनाहून जास्त नाटकांत उभी राहिली. शेक्सपिअरच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधली हेलेना तीच आणि एका विनोदी नाटकातली चाकाच्या खुर्चीतली ऐंशी वर्षांची म्हातारीही तीच. फी भरायला हॉटेलात वाढपीण म्हणून राबायची, टायपिंग करायची. कामाच्या ताणाने पोटात अल्सर झाले. एकदा तर अभिनय सोडून कायदा शिकावा असं तिने ठरवत आणलं होतं. 'आत्मविश्वासाच्या जोरावर' म्हणतात ते असं दिसतं: दुपारी तालीम, संध्याकाळी ट्रे, रात्री पोट धरून बसणं, सकाळी पुन्हा वर्ग.

मी पंचवीस वर्षं हौशी नाटकांचं प्रॉम्प्टिंग केलंय. विंगेत बसून माणूस दिसतो. पहिल्याच तालमीला चमकून जाणारी मुलं मी कितीतरी पाहिली. पंधराव्या तालमीला ती आलीच नाहीत. आणि जिला पहिल्या दिवशी वाक्यही धड टाकता येत नव्हतं अशा मुलीने प्रयोगाच्या रात्री अख्खं थिएटर शांत केलेलंही पाहिलंय. म्हणून मला हे 'केवळ टॅलेंट' ऐकवत नाही.

आता तारखा जुळवून बघू. 'किंगकाँग'चं चित्रीकरण जानेवारी १९७६ मध्ये सुरू झालं, म्हणजे ऑडिशन त्याआधीची. येलमधून बाहेर पडून तिला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. १९७५ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये 'ट्रेलॉनी ऑफ द वेल्स' नाटकातून ती ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर आली, निर्माता होता जोसेफ पॅप, ज्याने न्यूयॉर्कमध्ये शेक्सपिअर उघड्यावर आणि फुकट दाखवला. फॉरवर्डमध्ये जी भुयारी रेल्वेत एकटी, बिनकामाची बसलीय, ती प्रत्यक्षात रंगमंचावर होती.

आणि जानेवारी १९७६ मध्ये काय झालं? तिकडे माकडाच्या सिनेमाचा कॅमेरा सुरू झाला, आणि इकडे त्याच महिन्यात ब्रॉडवेवर फीनिक्स थिएटरने एका संध्याकाळी दोन छोटी नाटकं लावली. पहिलं टेनेसी विल्यम्सचं 'ट्वेंटी सेव्हन वॅगन्स फुल ऑफ कॉटन'. त्यात फ्लोरा नावाची मिसिसिपीतली बाई, अंगाने स्थूल, बुद्धीने भोळी, नवऱ्याच्या ताब्यातली. दुसरं आर्थर मिलरचं 'अ मेमरी ऑफ टू मंडेज', त्यात मोटारीच्या सुट्या भागांच्या गोदामातली एक चुणचुणीत, सडपातळ सेक्रेटरी. दोन्ही भूमिका मेरिल स्ट्रीपच्या. पहिलीसाठी तिने अंगावर भर चढवला, चालणं जड केलं, बोलणं दक्षिणेकडचं ओघळतं केलं. मधल्या वेळात ते सगळं उतरवून दुसरी होऊन आली. हीच ती का, हे बघायला प्रेक्षक हातातली नाटकाची माहितीपत्रिका चाळायचे. फ्लोरासाठी तिला टोनीचं नामांकन मिळालं. टोनीचं तिचं ते एकमेव नामांकन.

जिला नुकतंच सुंदर नाही म्हणून परत पाठवलं होतं, ती त्याच हिवाळ्यात आपलं शरीर हवं तसं जाड आणि हवं तसं बारीक करून दाखवत होती. चेहरा काय, कंबर काय, ही तिच्यासाठी कामाची सामग्री होती. हे आईच्या पोटातून येत नाही. येलमध्ये ऐंशी वर्षांची म्हातारी केली होती म्हणून सव्विसाव्या वर्षी फ्लोरा जमली.

त्यानंतरही ती थेट हॉलिवूडला पळाली नाही. त्या उन्हाळ्यात सेंट्रल पार्कच्या डेलाकोर्ट थिएटरमध्ये 'मेजर फॉर मेजर'मधली इसाबेला. १९७७ मध्ये चेखवच्या 'चेरी ऑर्चर्ड'मध्ये दुन्याशा, म्हणजे मोलकरीण. मुख्य भूमिका नव्हे, मोलकरीण. त्याच वर्षी 'ज्युलिया' या सिनेमात पहिल्यांदा पडद्यावर, लहानशी भूमिका. १९७८ मध्ये 'द डिअर हंटर', ऑस्करचं पहिलं नामांकन. 'सोफीज चॉइस'मधल्या सोफीसाठी पोलिश आणि जर्मन शिकली. वयाची साठी जवळ आल्यावर, २००६ मध्ये, पुन्हा त्याच सेंट्रल पार्कच्या उघड्या रंगमंचावर ब्रेख्तची 'मदर करेज' करायला उभी राहिली, गाडा ओढत आणि गाणी म्हणत. तेव्हा तिला कोणाला काही सिद्ध करायचं नव्हतं. रंगमंच न पाहिलेली मुलगी म्हणे!

ज्याने ही ओळ घातली त्याने एका बाईचं तीस वर्षांचं काम पुसलं. आणि माझ्या घरातल्या एकवीस वर्षांच्या पोरीला सांगितलं की शिकायला जाणं म्हणजे टॅलेंट नसल्याची कबुली. तिला त्या मालिकावाल्यांनी जे सांगितलं, त्याने ती दोन दिवस रडली. या फॉरवर्डने जे सांगितलं, त्याने ती शिकायचंच थांबणार होती. दोन्हींत जास्त नुकसान कशाने झालं असतं, हे तूच ठरव.

रात्री मी तिला फोनवर हे सगळं सांगितलं, बहुतेक ओरडूनच. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "ती म्हातारी करताना तिचं वय किती होतं?" पंचविशीच्या आसपास, म्हटलं. म्हणाली, "माझ्या दोन्ही स्वगतांत मुली माझ्याच वयाच्या आहेत. एक बदलू का?"

बदल म्हटलं. ती आता आजीच्या वयाच्या बाईचं स्वगत शोधतेय, आमच्या आईकडे बसून तिचं उठणं-बसणं बघतेय. फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार आहे. ताई, तेवढा तो मजकूर ग्रुपवरून काढ, आणि जमलं तर शुक्रवारच्या आत तिचं नवं स्वगत एकदा ऐकून घे. मला ते रोज ऐकून आता सगळंच चांगलं वाटतं.