‘पानांना जांभळा रंग मारून विकतात’ या रिव्ह्यूला आमच्या नर्सरीचं उत्तर

नमस्कार दादा. तुमचा रिव्ह्यू वाचला, एक स्टार दिलाय. झाडं घरी नेल्यावर मनासारखी राहिली नाहीत, पैसे वाया गेल्यासारखं वाटलं, त्याबद्दल मनापासून माफी मागते. उत्तर द्यायला उशीर झाला त्याबद्दल पण. दिवाळीच्या झेंडूची गडबड होती आणि हे मोबाईलचं सगळं मुलगी बघते, तिनंच वाचून दाखवलं.

तुम्ही लिहिलंय की पर्पल हार्टची, म्हणजे त्या जांभळ्या पानांच्या झाडाची, हँगिंग कुंडी एकशेऐंशीला घेतली आणि महिन्याभरात ती हिरवी पडली, ऑक्झॅलिस, ते तीन तीन पानांचं झाड, तर मेलंच, कुंडी महाग, ऊन लागतं हे कोणी सांगितलंच नाही, आणि शेवटी लिहिलंय "हे लोक पानांना रंग मारून विकतात, सावध राहा". बाकीचं मी ऐकून घेतलं असतं ओ. महाग वाटलं तर वाटलं, प्रत्येकाचा खिसा वेगळा. पण रंग मारून विकतात हे वाक्य वाचून त्या रात्री घरात कोणी नीट जेवलं नाही. माझ्या सासूबाईंनी घरामागच्या परड्यात गुलाबाच्या काड्या लावून हे सुरू केलं, खानापूरकडची तांबडी माती आणून. आज आमचं घर ह्याच्यावर चालतं. आणि आता अनगोळच्या एक काकू, जुन्या गिऱ्हाईक, रंगीत पानांचं कोलियस हातात घेऊन हळूच विचारतात, काय ओ, हे खरंच असंच असतं की वरून काही करता? काय बोलायचं मी त्यांना.

बाजारात रंगवलेला माल येतो हे मी नाकारत नाही. कॅक्टसवर निळा गुलाबी रंग फवारलेला असतो, चमकी चिकटवलेली असते, शेवंतीचे दांडे रंगाच्या पाण्यात ठेवून फुलं निळी करतात, हे खरं आहे. असला माल आमच्याकडे कधी आला नाही आणि येणार नाही, कारण रंग फवारलेल्या कॅक्टसला ऊन नीट मिळत नाही आणि तो हळूहळू मरतो. म्हणून तुम्हाला शंका आली हे समजू शकते, पण शंका असेल तर फोन करायचा, विचारायचं. पावतीवर नंबर आहे.

पर्पल हार्टचा रंग कुठून येतो ते सांगते. त्या पानात हिरवं द्रव्य, क्लोरोफिल, पहिल्यापासून असतंच, त्याच्याशिवाय कुठलंच झाड स्वतःचं अन्न करू शकत नाही. त्याच्यावर अँथोसायनिन म्हणून जांभळं द्रव्य असतं, ते हिरव्याला झाकून टाकतं. जांभळात, कोकमात, तांबड्या कोबीत जे असतं ते हेच. आंब्याची कोवळी पालवी तांबूस येते ती पण ह्याच्यामुळेच. कडक उन्हापासून पानाला जपायला झाड हे द्रव्य बनवतं. ऊन भरपूर मिळालं की भरपूर बनवतं, आणि अंधाऱ्या जागेत ठेवलं की बनवायचं कमी करतं, मग खालचं हिरवं दिसायला लागतं. पर्पल हार्ट मूळचं मेक्सिकोकडचं, उन्हातलं झाड. म्हणून रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर तुम्हाला ते गर्द वांगी रंगाचं दिसतं, तिथं त्याला दिवसभर ऊन लागतं.

दारात काळी तुळस असेल तर तीच बघा. उन्हात असलेल्या तुळशीची पानं जांभळट काळी, आणि तीच तुळस भिंतीच्या सावलीत गेली की हिरवट दिसायला लागते. तिला कोण रंग मारायला जातं सांगा बघू.

पाहिजे तर घरी करून बघा. आमच्या पर्पल हार्टचं पान ओल्या कापसानं पुसा, कापूस पांढराच राहील. मग दोनचार पानं गरम पाण्यात चुरगाळा, पाण्याला रंग उतरला की थोड्यात लिंबू पिळा, लालसर होईल, थोड्यात खायचा सोडा टाका, निळसर हिरवट होईल. हा पानाच्या आतला रंग आहे, वरून मारलेला रंग असा बदलत नाही.

आता तुमच्या फोटोबद्दल. फोटो लोकांसमोर टाकलाय म्हणून लोकांसमोरच बोलते, राग मानू नका. फोटोत कुंडी हॉलच्या कोपऱ्यात आहे, टीव्हीच्या शेजारी, मागं पडदा ओढलेला. गणपतीच्या आधी नेलेली कुंडी, मखराच्या बाजूला शोभेला ठेवली असणार आणि मग तिथंच राहिली. आपल्या बेळगावात श्रावण भाद्रपदात आभाळ कसं असतं तुम्हाला माहीत आहे, कपडे वाळत नाहीत. बाहेर कडक उन्हात लाखभर लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड असतो, हॉलच्या कोपऱ्यात काही शेच असतो, आपल्या डोळ्याला तो फरक कळत नाही पण झाडाला कळतो. फोटो मोठा करून बघा, दोन पानांच्या मधलं पेर किती लांब झालंय, देठ कसा खिडकीकडं वाकलाय. हे उजेडासाठी झाड धडपडतंय त्याची खूण आहे. रंग मारल्यानं किंवा न मारल्यानं पेरं लांब होत नाहीत.

आणि मातीवर पांढरे दाणे दिसतात. मला तो युरिया वाटतोय. युरियात ४६ टक्के नत्र असतं, शेतात उसाला टाकतात तो. नत्र जास्त झालं की झाड हिरव्या पानांच्या मागं लागतं, जांभळा आणखी फिका पडतो. कुंडीतल्या जांभळ्या झाडाला असलं काही लागत नाही, महिन्यातून एकदा मूठभर गांडूळ खत बास. युरिया टाका असं आमच्याकडं कोणी सांगितलेलं नाही हे मी खात्रीनं सांगते.

त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा बंद करायची वेळ झाली होती, केवड्याला आणि दुर्वांना गर्दी होती, तुम्ही फोनवर बोलत होता. मी म्हटलं होतं, दादा हे गॅलरीत ठेवा, ऊन पाहिजे ह्याला. आमचा पोरगा पण गाडीवर कुंडी ठेवताना "बिसिलु बेकु सर", ऊन पाहिजे सर, असं कन्नडात म्हणाला. तुम्ही मान हलवली होती. घाईत लक्षात राहिलं नसेल, होतं असं, पण सांगितलंच नाही असं लिहिणं बरोबर नव्हे.

तुम्हाला खरं तर पर्शियन शिल्ड पाहिजे होतं, ते चंदेरी जांभळं, आठवतंय का? ते पर्पल हार्टपेक्षा महाग होतं आणि मीच नको म्हटलं. ते म्यानमारकडचं झाड, त्याला दमट हवा लागते, उजेड भरपूर पण दुपारचं कडक ऊन नको, शेंडे खुडत राहावं लागतं नाहीतर जुनी पानं फिकी पडतात. घरात दिवसभर पंखा आणि कोणी नसतं असं तुम्ही म्हणालात, म्हणून मी सोपं झाड दिलं. फसवायचं असतं तर महागाचं दिलं असतं.

ऑक्झॅलिसचं मात्र मला खरंच वाईट वाटलं, कारण ते मेलेलं नाही बहुतेक. तुम्हीच लिहिलंय की रोज संध्याकाळी पानं मान टाकायची आणि तुम्ही रोज रात्री पाणी घालत होता. दादा, ते सुकत नव्हतं. ऑक्झॅलिसची तिन्ही पानं अंधार पडला की मिटतात आणि सकाळी उजेडाला परत उघडतात, त्याचा तो स्वभावच आहे. आमच्याकडं लहान पोरं संध्याकाळी ते बघायला थांबतात. रोजच्या पाण्यानं देठ कुजले आणि वरचं सगळं गेलं. पण मातीत त्याचे बारके लांबट कंद असतात, जास्त पाणी झालं, उन्हाळा कडक लागला किंवा असंच त्याच्या मनात आलं की ते वरची पानं टाकून काही आठवडे झोपतं. कंद दाबून बघा, घट्ट असेल तर जिवंत आहे. पाणी बंद करा, सावलीत कोरडं राहू दे, कोंब दिसला की थोडं थोडं पाणी सुरू करा. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर मात्र उंचावर ठेवा, त्याच्या पानात ऑक्झॅलिक आम्ल असतं, खाण्यातलं नाही ते.

किमतीचं थोडक्यात. पर्पल हार्टची काडी मातीत खोचली तरी लागते, हे मी स्वतः प्रत्येकाला सांगते, लपवत नाही. पिशवीतलं साधं रोप आमच्याकडं तीस रुपयांना मिळतं आणि ते तुम्हाला दाखवलं होतं. हँगिंगमध्ये एका कुंडीत बऱ्याच काड्या, कोकोपीट, कुंडी, साखळी, आणि ती खाली लोंबेपर्यंत शेडनेटमध्ये सांभाळायची, त्याचे ते पैसे आहेत. तुम्ही भरलेली कुंडी पसंत केलीत.

तुमचं पर्पल हार्ट पण परत रंगात येईल. एकदम दुपारच्या उन्हात नेऊ नका, पानं भाजून पांढरट डाग पडतील. आधी सकाळचं कोवळं ऊन आठवडाभर, मग हळूहळू जास्त. लांब झालेले देठ निम्म्यावर खुडा, ती खुडलेली काडी त्याच कुंडीत खोचा, कुंडी भरगच्च होईल. आता थंडी सुरू होतेय, ऊन स्वच्छ आहे, नवीन येणारी पानं जांभळीच येतील.

आमच्याकडून पण ऊन सावलीचं काहीतरी लिहून द्यायचं बघतोय, पावतीच्या मागं किंवा कुंडीला चिठ्ठी, मराठी आणि कन्नडात, मुलीला सांगितलंय, जमेल तसं करू.

तुम्ही दोन्ही कुंड्या घेऊन या, सकाळी या म्हणजे मला बोलायला वेळ असतो. आमच्याकडची पर्पल हार्ट, ऱ्हिओ, कोलियस सगळी उन्हात कशी आहेत आणि शेडनेटच्या मागच्या बाजूला सावलीत राहिलेली तीच झाडं कशी हिरवट आहेत ते शेजारी शेजारी ठेवून दाखवते. तरी समाधान झालं नाही तर दुसरं झाड घेऊन जा, पैसे नकोत.

स्टार किती द्यायचे ते तुमच्या मनावर, एकच ठेवला तरी मी काही म्हणणार नाही. पण रंग मारून विकतात ही ओळ तेवढी काढा दादा, ती खरी नाही. आणि येईपर्यंत ऑक्झॅलिसची माती ओतून टाकू नका, कंद त्यातच आहेत.