अठरा पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मोठी आहे, मुद्देसूद आहे. तिची दोन ओळींत बोळवण करणं बरं दिसणार नाही, म्हणून हे वेगळं उत्तर.

मूळ लेखात म्हणणं एवढंच होतं : बालगृहात वाढलेली मुलंमुली १८ पूर्ण झाली की बाहेर पडतात, त्यांच्या राहण्याची सोय जिल्ह्याच्या नियोजनात आधीपासून धरलेली नसते, आणि त्यातली काही थेट स्टेशनवर किंवा कुणाच्या तरी पडवीत येऊन पडतात. त्यावर तुमचे आक्षेप असे. एक, १८ वर्षांचा माणूस सज्ञान आहे, मत देतो, मग त्याला सरकारने पोसायचं कशाला? दोन, अनुरक्षणाचा, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराचा, आहे तोच निधी पुरता खर्च होत नाही, मग आणखी मागण्यात काय अर्थ? तीन, त्यापेक्षा रात्रनिवारे बांधा, सगळ्यांच्याच कामी येतील. आणि शेवटी तुम्ही विचारलंत की हे सगळं खरं की खोटं, सामान्य माणसाने तपासायचं कसं.

आधी माझी चूक. लेखात मी ‘अनुरक्षण हा या मुलांचा कायदेशीर हक्क आहे’ असं लिहिलं. ते तसं नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ४६ मध्ये संस्था सोडणाऱ्या मुलाला आर्थिक साहाय्य ‘देता येईल’ अशी भाषा आहे, ‘दिलेच पाहिजे’ अशी नाही. अनेक जिल्ह्यांतली परिस्थिती या एका क्रियापदाने ठरते. ज्या खर्चाला ‘देता येईल’ म्हटलंय तो शेवटी धरला जातो आणि कात्री लागायची वेळ आली की पहिल्यांदा जातो. तुम्ही हे नेमकं दाखवून दिलंत, लेखात दुरुस्ती करत आहे.

सज्ञान असण्याचा मुद्दा थोडक्यात. कायद्यानेच अनुरक्षणाची व्याख्या १८ पूर्ण ते २१ पूर्ण होईपर्यंत अशी केली आहे, आणि त्याखालच्या २०१६च्या आदर्श नियमांत अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षांची मुभा आहे. म्हणजे १८ व्या वर्षी माणूस पायावर उभा राहतोच असं कायदा बनवणाऱ्यांनीही गृहीत धरलेलं नाही. घरात वाढलेला मुलगा १८ व्या वाढदिवशी घर सोडत नाही. त्याची पहिली नोकरी सुटली तर तो परत येऊन आपल्या खोलीत झोपतो. बालगृहातल्या मुलाला ही परतीची वाट नसते. कारण संस्थेची मान्यता १८ वर्षांखालच्या मुलांसाठी असते, अधीक्षकाची इच्छा असली तरी त्याला ठेवून घेता येत नाही.

आता निधीबद्दल, कारण खरी गोम तिथे आहे. तुम्ही म्हणता पैसे पडून राहतात. राहतात, हे मलाही मान्य. पण ते गरज नाही म्हणून राहत नाहीत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अनुरक्षणासाठी माणशी दरमहा ४,००० रुपये आहेत, केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४०. एका जिल्ह्यात २५ मुलं धरली तर वर्षाचे १२ लाख होतात, त्यातले राज्याचे ४ लाख ८० हजार. जिल्ह्याच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे. अडचण रकमेत कमी आणि ती कधी, कोणत्या रूपात पोहोचते यात जास्त आहे.

कधी, ते बघा. ज्या मुलांची जन्मतारीख कुणालाच माहीत नसते त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर बहुतेकदा १ जून लागलेला असतो. गावोगावी ही पद्धत आहे, वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या आईवडिलांचा ‘वाढदिवस’ १ जूनच असेल. म्हणजे संस्थेतली बरीच मुलं एकाच दिवशी, जूनच्या पहिल्या तारखेला सज्ञान होतात. बारावीचा निकाल नुकता लागलेला, प्रवेश व्हायचे असतात, वसतिगृहांच्या याद्या लागलेल्या नसतात, पाऊस तोंडावर. आणि सरकारी वर्ष सुरू होऊन जेमतेम दोन महिने झालेले. या काळात वार्षिक आराखड्याची मंजुरी, मागच्या वर्षाची उपयोगिता प्रमाणपत्रं (पैसे ठरल्या कामी खर्च झाल्याचे दाखले), केंद्राचा पहिला हप्ता आणि राज्याचा जुळणारा हिस्सा यांची साखळी चालू असते, आणि त्यातली एक कडी अडली की पुढचं सगळं थांबतं. ज्या महिन्यात पैसे सगळ्यात जास्त लागतात त्याच महिन्यात तिजोरी कोरडी असते. सप्टेंबरात किंवा नंतर रक्कम येते तेव्हा मुलगा कुठे आहे हे कुणाला ठाऊक नसतं, आणि मार्चमध्ये कागदावर शिल्लक दिसते. तुम्ही ज्याला पडून राहिलेला निधी म्हणता, तो बऱ्याचदा असा उशिरा पोहोचलेला निधी असतो.

कोणत्या रूपात, हे त्याहून महत्त्वाचं. समजा सहा मुलांसाठी एक घर घेतलं. आदर्श नियमांत सहा ते आठ जणांच्या तात्पुरत्या सामूहिक निवासाची सोय सांगितलेलीच आहे. भाडं १५,००० धरू, अनामत तीन महिन्यांची, म्हणजे ४५,०००. दरमहाचे सहा जणांचे २४,००० येतात, भाडं जाऊन ९,००० उरतात, माणशी दीड हजार. त्यात जेवण, वीज, बसचा पास बसत नाही, पण प्रशिक्षणाचं विद्यावेतन किंवा अर्धवेळ कामाचे पैसे जोडले तर ओढाताण करून बसवता येतं. मात्र हे गणित सुरूच होत नाही, कारण ४५,००० अनामत, पहिल्या महिन्याचं भाडं, गाद्या, गॅस, भांडी हा सगळा खर्च मूल संस्थेतून निघण्याच्या आधी करायचा असतो, आणि दरमहाची मदत निघाल्यानंतर सुरू होते. ४,००० रुपये महिना हे भाडं भरायला थोडेफार उपयोगी पडतात, दार उघडायला नाहीत.

म्हणून माझं म्हणणं मासिक रक्कम वाढवण्याआधी प्रत्येक जिल्ह्यात एक फिरती अनामत ठेवा असं आहे. वरच्याच हिशेबाने दहा घरांना ४ लाख ५० हजार लागतात आणि ६० जणांची सोय होते. घर सोडलं की अनामत परत येते आणि पुढच्या तुकडीला वापरता येते. मोडतोडीपोटी काही कापलं जाईल तेवढीच भर दरवर्षी घालायची. जिल्हा वार्षिक योजनेत महिला व बालविकासासाठी ३ टक्के राखून ठेवायचे असतात, त्यातून हे बसू शकतं. त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाने पुढच्या वर्षी १८ पूर्ण होणाऱ्यांची तारीखवार यादी ऑक्टोबरमध्येच तयार ठेवायला हवी, म्हणजे अंदाजपत्रकाच्या बैठकांत तिचा विचार होईल. एप्रिलमध्ये केलेली यादी त्या वर्षाच्या जूनला उपयोगी नाही. आणि ही यादी करायला कुठलं सर्वेक्षण लागत नाही, हेच मला सगळ्यात जास्त टोचतं. पुरात घर गेलेला, नोकरी गेलेला, घरातून पळालेला तरुण कधी बेघर होईल हे आधी सांगता येत नाही. या मुलांच्या बाबतीत मात्र तारीख सरकारच्याच रजिस्टरमध्ये कित्येक वर्षं आधी लिहिलेली असते.

भाडेकराराचं एक सांगायला हवं, कारण चांगल्या हेतूने केलेलं काम तिथे फसतं. घर संस्थेच्या नावाने घेतलं की घरमालक लवकर तयार होतो, पण मुलांच्या हातात पत्त्याचा पुरावा येत नाही. त्यांच्या आधारवर बालगृहाचाच पत्ता राहतो, बँकेचं कार्ड, नोकरीचं पत्र, परीक्षेची टपालं तिकडे जातात. उलट घर मुलांच्याच नावाने घ्यायचं म्हटलं तर पालक कोण, मूळ गाव कोणतं, जामीन कोण, हे प्रश्न येतात आणि पोलीस पडताळणीचा फॉर्म तिथेच अडतो. मधला मार्ग म्हणजे लीव्ह अँड लायसन्स करारात संस्था आणि राहणारी मुलं अशी सगळ्यांची नावं एकत्र घालायची आणि करार रीतसर नोंदवायचा. नोंदणी महाराष्ट्रात तशीही सक्तीची आहे. करार बहुतेकदा अकरा महिन्यांचा असतो, तेव्हा नवव्या महिन्यात नूतनीकरणाचं बोलणं सुरू झालं नाही तर वर्षभरात पुन्हा सगळे रस्त्यावर. सहा जणांत एकाला नोकरी लागून तो गेला तर उरलेल्या पाचांवर त्याच्या वाट्याचं भाडं पडतं, त्यासाठी एक-दोन महिन्यांची रिकाम्या खाटेची तरतूद हिशेबात आधीच धरावी लागते.

कागदपत्रांवर जास्त लिहीत नाही, पण एक गोष्ट जवळून बघा. मुलाचं खातं मायनर म्हणून उघडलेलं असतं, व्यवहार अधीक्षकाच्या सहीने. १८ पूर्ण झाले की नवी केवायसी आणि त्याची स्वतःची सही दिल्याशिवाय बँक त्या खात्यातले व्यवहार अडवते. त्याच्या आधारचे बोटांचे ठसे १५ व्या वर्षी नव्याने घ्यायचे असतात, ते राहिले असतील तर केवायसीच्या वेळी ठसे जुळत नाहीत. दरम्यान तो कुठेतरी कामाला लागतो, मालक दुसऱ्या बँकेत खातं उघडायला लावतो, आधार सीडिंग (आधार क्रमांक खात्याला जोडणं) तिकडे होतं आणि अनुरक्षणाची रक्कम आधारवरून येणार असेल तर ती त्या नव्या खात्यात जाते. जिल्ह्याच्या कागदावर रक्कम जमा असते आणि मुलगा जुनं पासबुक भरून भरून ‘आले नाहीत’ म्हणत असतो. यात कुणी खोटं बोलत नाही. १७ व्या वर्षी ठसे अद्ययावत करायचे, वाढदिवसाच्या आठवड्यात अधीक्षकाने त्याच्याबरोबर बँकेत जाऊन खातं त्याच्या नावाने करून द्यायचं, आणि ‘दुसरं खातं उघडलंस तर आधी आम्हाला सांग’ हे त्याला नीट समजावून द्यायचं, एवढ्याने हा गुंता टळतो. अनाथ प्रमाणपत्राचंही तसंच. राज्यात २०१८पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे, पण बाहेर पडल्यावर ते प्रमाणपत्र मिळवायला धावणं आणि संस्थेत असताना ते हातात असणं यात पुष्कळ फरक पडतो.

याच्या जोडीला एक पळवाट आहे, तिच्याबद्दल लेखात लिहायला हवं होतं. कलम ४६ची भाषा १८ पूर्ण झाल्यावर संस्था सोडणाऱ्यांपुरती आहे. साडेसतराव्या वर्षी एखाद्या लांबच्या काकाच्या ताब्यात ‘कुटुंबात पुनर्स्थापना’ म्हणून दिलेला मुलगा या चौकटीत बसत नाही. काकाने चार महिन्यांत हाकलला की त्याला ना बालगृह, ना अनुरक्षण. म्हणून १७ नंतरच्या प्रत्येक पुनर्स्थापनेला, असे आदेश देणाऱ्या बाल कल्याण समितीने जास्त कडक नजरेने बघावं आणि आदेशातच लिहावं की घर टिकलं नाही तर अनुरक्षणाचा विचार होईल. मुलींच्या बाबतीत हीच घाई लग्नाच्या रूपाने येते. लग्न ही तिची निवड असू शकते. संस्थेचं खातं बंद करण्याची ती पद्धत होता कामा नये.

रात्रनिवाऱ्यांना माझा विरोध नाही. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांच्या निवाऱ्याची सोय आणि माणशी ५० चौरस फूट जागा असं प्रमाण ठरलं होतं. तेवढे निवारे उभे राहिले तर उत्तमच. पण निवारा ही बेघर झाल्यानंतरची सोय आहे. तिथे १८ वर्षांची मुलगी किंवा मुलगा वयाने दुप्पट-तिप्पट अनोळखी माणसांत झोपतो, सकाळच्या प्रशिक्षणाला जाताना पिशवी सोबत न्यावी लागते, पहाटेच्या शिफ्टची झोप मिळत नाही. आठवड्याभरात प्रशिक्षण सुटतं, हे आळसामुळे होत नाही.

‘हातात पैसे दिले की उडवतात’ हेही तुम्ही लिहिलंय. काही उडवतील. आयुष्यात पहिल्यांदा महिन्याचे पैसे हाती आले की कुणाचंही होतं, आणि बालगृहात मीठ-साबणही मोजून मिळतं, बाजारात जाऊन हिशेब करायची वेळ कधी आलेलीच नसते. यावर उपाय पैसे रोखणं हा नाही. शेवटचं वर्षभर संस्थेतच त्याला थोडी रक्कम, स्वतःची खरेदी, आठवड्यातून दोनदा स्वयंपाक, असं करू द्यावं. इंग्लंडमध्ये २०००च्या कायद्यापासून बाहेर पडण्याचा आराखडा १६-१७ व्या वर्षीच सुरू होतो तो याच विचाराने. आपल्या आदर्श नियमांत संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी आराखडा समितीपुढे ठेवायचा आहे. दोन महिन्यांत घर शोधणं होईल, सवयी लागणार नाहीत.

आता तपासायचं कसं. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयाला करा. नावं मागू नका, कलम ७४ प्रमाणे मुलांची ओळख उघड करता येत नाही आणि अर्ज तेवढ्यावरच फेटाळला जाईल. फक्त आकडे मागा : गेल्या आर्थिक वर्षात जिल्ह्यातल्या बालगृहांतून १८ पूर्ण होऊन किती जण बाहेर पडले, त्यातल्या किती जणांचा आराखडा दोन महिने आधी सादर झाला, किती जणांना अनुरक्षणाचा आदेश मिळाला, पहिली रक्कम बाहेर पडल्यापासून किती दिवसांनी जमा झाली, आणि सहा महिन्यांनी त्यातले किती जण कुठे राहतात याची नोंद कार्यालयाकडे आहे का. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. शेवटच्या प्रश्नावर ‘माहिती उपलब्ध नाही’ आलं तर ते उत्तरही जपून ठेवा आणि इथे टाका. मी माझ्या जिल्ह्यासाठी हाच अर्ज करत आहे, दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून पुढचं बोलू.