‘कॅन्सर आहे की नाही ते सांगा’: एक तारा देणाऱ्या ताईंना मिरजेहून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. बाबांच्या जिभेचं ऑपरेशन झालं, मग शेक (म्हणजे रेडिएशन) आणि सोबत केमो झाली, शेक संपून अडीच महिने झाल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून तुम्ही आमच्याकडे एमआरआय केला, हे तुम्हीच लिहिलं आहे. तक्रारी अशा: श्वासासाठी गळ्यात बसवलेली नळी बदलून आणा म्हणून पहिल्या दिवशी परत पाठवलं, रक्ताचा रिपोर्ट आणि जुनी सीडी मागितली, रिपोर्टला दोन दिवस लावले. आणि एवढं करून रिपोर्टमध्ये काय, तर ‘संशय कमी, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी’. ‘धड हो नाही, धड नाही नाही. पैसे काढायचे धंदे,’ असं तुमचं शेवटचं वाक्य आहे.

तुम्ही स्वतः लिहिलंत त्यापलीकडे बाबांच्या तपासणीतलं एक अक्षरही मी इथे लिहिणार नाही. पण हा प्रश्न तुमच्या एकट्या घरातला नाही. आपल्या देशात पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त आढळतो, आणि जत, कवठेमहांकाळ, अथणीकडून आमच्याकडे येणारी कितीतरी माणसं तंबाखू, मिशरी, गुटख्यानं झालेला हाच आजार घेऊन येतात. त्यांच्या घरच्यांनाही हे वाचता यावं म्हणून सविस्तर लिहितो.

खरं दुखणं शेवटच्या तक्रारीत आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

ऑपरेशन आणि शेक झालेलं तोंड एमआरआयवर वाचणं हे आमच्या कामातल्या सगळ्यात अवघड कामांपैकी एक आहे. जिभेचा काढलेला भाग भरून काढायला हाताची, मांडीची किंवा छातीची कातडी, चरबी, कधी स्नायू तिथे बसवलेला असतो. म्हणजे जिभेची एक बाजू जिभेसारखी दिसतच नाही. शेकामुळे आजूबाजूला सूज असते, आणि एमआरआयच्या वेळी शिरेतून दिलेलं औषध सुजेतही भरतं, गाठीतही भरतं. सांगलीकरांना महापुरानंतरची घरं आठवत असतील. पाणी ओसरलं तरी भिंती कित्येक आठवडे ओल्या राहतात, आणि ओल दिसली म्हणजे पाणी अजून शिरतंय असा तिचा अर्थ नसतो. शेकानंतरचे पहिले काही महिने तोंडात आणि गळ्यात तशीच ओल असते.

आम्ही ती ओळखायचा प्रयत्न कसा करतो ते सांगतो. एका प्रकारच्या चित्रात पाण्याचा अंश पांढरा दिसतो. त्यात ताजी सूज पांढरीशुभ्र येते, जुना मुरलेला व्रण काळपट येतो, आणि गाठ बहुधा या दोन्हींच्या मधली, राखाडी. दुसऱ्या चित्रात पाण्याचे कण पेशींच्या मधून किती मोकळे हलतात ते मोजलं जातं. गाठीत पेशी दाटीवाटीनं असतात, तिथे पाणी अडकतं आणि ती जागा उठून दिसते. तिसऱ्यात शिरेतून औषध देऊन ते कुठे आणि कसं भरतं ते पाहतो. सुजेत ते म्यूकोसाच्या, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराच्या, कडेनं पातळ रेघेसारखं भरतं, गाठीत गोळ्यासारखं. बसवलेला तुकडा आणि मूळ जीभ जिथे जोडली जाते ती कड आम्ही तीन-चार मिलिमीटरच्या एकेका कापात पुनःपुन्हा बघतो, कारण आजार उलटला तर बऱ्याचदा त्या कडेलाच उलटतो. जबड्यातून कवटीकडे जाणारी नसही सोडत नाही. नसेच्या आतून सरकणारा आजार बाहेरून तपासून कळत नाही. तो दाखवण्यात एमआरआय सीटीपेक्षा सरस आहे.

ही तिन्ही चित्रं एका सुरात बोलली तर रिपोर्टही ठाम येतो. एकानं एक आणि दुसऱ्यानं दुसरं सांगितलं, तर मी काय लिहावं? ‘सगळं साफ’ असं लिहिलं तर घर निर्धास्त होईल आणि पुढची तपासणी लांबेल. ‘आजार उलटला’ असं लिहिलं तर बायोप्सीची घाई होईल. शेक दिलेल्या जागेला जखम केली की ती लवकर भरत नाही, जबड्याचं हाड उघडं पडून कुजण्याचा धोका असतो, आणि सुजेतून घेतलेल्या तुकड्यात काही सापडलं नाही तरी मनातली शंका जात नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी ठाम शब्द वापरले तर त्याची किंमत बाबांना मोजावी लागेल. ते मी करणार नाही, मग एक तारा मिळाला तरी चालेल.

‘संशय कमी’ हे आमच्या मनानं लिहिलेलं नसतं. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची नाय-रॅड्स नावाची पद्धत आहे. तीत आजाराची मूळ जागा आणि मानेतल्या लसीकाग्रंथी यांना वेगवेगळी पायरी देतात: एक म्हणजे आजाराची खूण नाही, दोन म्हणजे संशय कमी, तीन म्हणजे संशय जास्त. २०१७ साली एमरी विद्यापीठातल्या डॉक्टरांनी या पायऱ्या पडताळून पाहिल्या. पहिल्या पायरीवरच्या जागांपैकी सुमारे ४ टक्के, दुसरीवरच्या सुमारे १७ टक्के आणि तिसरीवरच्या सुमारे ५९ टक्के जागी आजार निघाला. म्हणून दुसऱ्या पायरीला लगेच सुरी लावत नाहीत, पण वर्षभर सोडूनही देत नाहीत. वरवरचं असेल तर डॉक्टर दुर्बिणीनं बघतात. खोलवर असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा चित्र काढतात किंवा पेट-सीटी करतात. सूज असेल तर ती तोवर उतरते, व्रण असेल तर आक्रसतो, गाठ असेल तर वाढते.

‘मग आधीच पेट करायला का नाही सांगितलं’, असंही तुम्ही विचारलंय. पेटमध्ये साखर खाणाऱ्या पेशी चमकतात, आणि सुजेतल्या पेशीही साखर खातात. म्हणून शेक संपल्यापासून साधारण बारा आठवडे थांबून पेट करतात. अडीच महिन्यांना ती केली असती तरी कदाचित हेच वाक्य जास्त पैसे मोजून हाती आलं असतं. आता ती करायची का, हे बाबांना हातानं तपासणारे डॉक्टर ठरवतील.

नळीचं म्हणाल तर धातूची नळी गळ्यात ठेवून आम्ही कोणालाही चुंबकात घेत नाही. जीवाला धोका नको हे पहिलं, आणि तिच्याभोवतीचं चित्र काळंकुट्ट येतं हे दुसरं. प्लॅस्टिकची नळी कान-नाक-घसा डॉक्टरांकडूनच बसवून घ्यावी लागते, ते आमच्या टेबलावर करायचं काम नव्हे. ही सूचना अपॉइंटमेंटच्या मेसेजमध्ये असते, पण धावपळीत तो मेसेज कोण वाचणार, हेही समजतं. किडनी कशी चालते ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन मागतो कारण शेकासोबत बहुधा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिलेलं असतं आणि त्याचा ताण किडनीवर येतो. किडनी फारच थकलेली असेल तर शिरेतल्या औषधाचा आधी विचार करावा लागतो.

आणि जुनी सीडी. ताई, ती नसेल तर आमचं निम्मं बळ गेलं. आज दिसणारी राखाडी जागा ऑपरेशनआधी कुठे होती, शेकाआधी किती होती, हे ताडून पाहिल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. दोन दिवस त्यातच गेले. कागदावरचा जुना रिपोर्ट पुरत नाही, चित्रंच लागतात.

पैशांबद्दल एवढंच सांगतो की पुढचा एमआरआय आमच्याकडेच करा असं रिपोर्टमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. त्याच ताकदीच्या मशीनवर, त्याच पद्धतीनं केला तर तुलना सोपी जाते, पण तो कुठेही करा. चित्रांची सीडी तुमची आहे. ती आणि आमचा रिपोर्ट सोबत न्या म्हणजे झालं. त्याआधी कधीही संध्याकाळी सहानंतर या. जुनी आणि नवी चित्रं शेजारी शेजारी लावून मी स्वतः तुम्हाला दाखवीन, त्याचे पैसे नाहीत. बाबांना आणायची गरज नाही.

मधल्या काळात डॉक्टरांकडची दर महिन्याची फेरी चुकवू नका. उलटणारा आजार बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच उलटतो, आणि लवकर कळला तर पुन्हा ऑपरेशनची संधी राहते. त्याच बाजूचा कान दुखायला लागला, मानेत नवी गाठ हाताला लागली, तोंडात चट्टा उठला किंवा रक्त आलं, खालचा ओठ नाहीतर हनुवटी बधिर वाटली, तोंड आधीपेक्षा कमी उघडायला लागलं किंवा घास उतरेनासा झाला, तर आमच्या रिपोर्टमधले तीन महिने विसरा आणि त्याच आठवड्यात त्यांना दाखवा.