हवेच्या गादीचा तो फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी

मे महिना, गणपती, दिवाळी. पाहुण्यांचे दिवस जवळ आले की घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, दावे तेच असतात. गाद्यांचे ढीग सांभाळणं सोडा, एक हवेची गादी घ्या. तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना चालते. मऊ असल्याने बाळाला लागत नाही, भिंतीला टेकवली की पडायचीही भीती नाही. हॉस्पिटलातही हवेचीच गादी देतात, म्हणजे पाठीला उत्तम. सायकलच्या पंपानेही भरते. रात्रीतून बसली तर माल डुप्लिकेट. आणि वर, सहलीला समुद्रावरही नेता येते.

हवेची गादी ही वस्तू वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. दोन खोल्यांच्या घरात चार रात्रींसाठी भाचा राहायला आला तर तिच्याइतकी सोयीची चीज नाही. पण या मेसेजमधला बाळाचा दावा असा आहे की बाकीचे सगळे खरे निघाले असते तरी मी तो पुढे पाठवला नसता.

बाळाला मऊ नको असतं, घट्ट आणि सपाट लागतं. काही महिन्यांचं बाळ पालथं होतं, पण तोंड मऊ जागेत रुतलं तर मान उचलून बाजूला करण्याची ताकद त्याच्यात असतेच असं नाही. नाकातोंडाभोवती खड्डा पडतो आणि सोडलेलाच श्वास ते पुन्हा आत घेत राहतं. खाली प्लॅस्टिक, म्हणजे तिथून हवा यायची सोय नाही. शेजारी आई किंवा आजी झोपली की तिच्या वजनाने गादी तिकडे कलते आणि बाळ घरंगळत तिच्या अंगाखाली जाऊ शकतं. शिवाय रात्री दहाला टणक वाटलेली गादी पहाटे चारला तेवढी टणक नसते, आणि त्या वेळी घरात कोणी जागं नसतं. अमेरिकेतल्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन या सरकारी संस्थेने अशा गाद्यांवर बाळं गुदमरण्याच्या धोक्याबद्दल पालकांना बजावलं आहे. १५ महिन्यांपर्यंतच्या मुलाला हिच्यावर झोपवू नका, अशी सूचना अनेक गाद्यांवर छापलेलीच असते. ती बारीक अक्षरात आणि इंग्रजीत असते, म्हणून कोणी वाचत नाही.

भिंतीचा सल्ला तर मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. गादी भिंतीला टेकलेली असते ती रिकामी असताना. कडेवर वजन आलं की कड दबते, गादी सरकते आणि मध्ये फट पडते. पडून पडून बाळ पडेल ते वीतभर उंचीवरून; त्या फटीत तोंड अडकणं त्याहून कितीतरी भयंकर. पाहुण्यांबरोबर तान्हं मूल असेल तर जमिनीवर पातळ, घट्ट गादी घाला, चादर ताणून चारी बाजूंनी खोचा. उशी, लोड, दुलई काही ठेवू नका. पाळणा असेल तर फारच छान.

पाच-सहा वर्षांच्या पुढची मुलं मजेत झोपतात. फक्त उड्या मारू देऊ नका. वरचा आणि खालचा पडदा आतल्या पट्ट्यांनी जोडलेला असतो. त्यातली एक सुटली की गादीला टेंगूळ येतं, आणि ते घरी काही केल्या दुरुस्त होत नाही.

आता हॉस्पिटल. तिथली हवेची गादी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब राहून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून असते. तिच्यात वेगवेगळे कप्पे असतात. पंप सतत चालू राहतो, काही मिनिटांनी एक कप्पा फुगतो, दुसरा सैल होतो, म्हणजे शरीराच्या एकाच जागेवर दाब राहत नाही. पाहुण्यांच्या गादीत यातलं काहीच नसतं. नावातलं ‘हवा’ तेवढं सारखं. पाठ दुखणाऱ्याला उलट कंबरेशी खचणाऱ्या गादीचा त्रासच होतो. आजी-आजोबांची अडचण वेगळीच: उठताना कडेवर हात टेकला की कड खाली जाते, गुडघ्यांना आधार मिळत नाही. त्यांना घरातला पलंग द्यावा आणि यजमानांनी हवेवर झोपावं, हे मेसेजमध्ये लिहायला हवं होतं.

सायकलच्या पंपाचा हिशोब करून बघा. १३७ सेंटिमीटर रुंद, १९१ लांब आणि २२ जाड अशी डबल गादी म्हणजे जवळजवळ पावणेसहाशे लिटर. आतल्या पट्ट्या-खाचा वगळून पाचशे धरा. सायकलचा पंप एका दाबाला पाव लिटरच्या आसपास हवा देतो. म्हणजे दोनेक हजार दाब! तो पंप थोड्या हवेला जास्त दाब देण्यासाठी केलेला आहे, गादीला हवं आहे नेमकं उलटं. पायाने दाबायचा भाता किंवा विजेचा पंप घ्या. पंप गादीतच बसवलेला असेल तर लाईट गेल्यावर हाताने भरायला वेगळं तोंड आहे का, ते दुकानातच पाहा. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरच्या वाटेला मात्र जाऊ नका, शिवण फाटेल.

रात्रीतून बसली म्हणजे डुप्लिकेट, हेही खरं नाही. गादीचं नवं प्लॅस्टिक (पीव्हीसी) पहिल्या काही वेळा ताणतं, जागा वाढते, गादी सैल होते. त्यात संध्याकाळी ३२ अंशांत भरलेली हवा रात्री एसीच्या २२ अंशांत आली की साधारण ३ टक्क्यांनी आकसते. छिद्र एकही नसताना गादी ढिली वाटायला एवढं पुरतं. आदल्या दिवशीच भरून ठेवा, झोपायच्या आधी थोडी हवा पुन्हा मारा. तरीही रोज बसत असेल तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील तिथे गळती. आधी झाकण तपासा, बऱ्याचदा तिथेच घोळ असतो. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन इथे टिकत नाही. ते रबराचं, ही गादी पीव्हीसीची. पीव्हीसीला चालणारा गोंद आणि त्याच प्लॅस्टिकचा तुकडा लागतो. वरच्या मखमली बाजूला ठिगळ लावायचं तर आधी लव खरवडून काढावी लागते. शिवणीतून गळत असेल तर मात्र खुशाल परत करा.

थंडीबद्दल मेसेज गप्प आहे. आतली हवा हलत राहते आणि अंगाची ऊब खालच्या गार फरशीला देत राहते. नाशिककडच्या डिसेंबरात नुसत्या चादरीवर पाहुण्याला झोपवलंत तर तो सकाळी काही बोलणार नाही, पण पुन्हा येणारही नाही. वर गोधडी किंवा जाड सतरंजी घाला. अंगावर नव्हे, अंगाखाली.

समुद्राचं एका वाक्यात: पहाटे कोकण किनाऱ्यावर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि ही हलकी गादी माणसासकट त्याच दिशेला जाते.

मेसेजमध्ये नसलेली, पण आपल्या घरांत हमखास असलेली एक गोष्ट म्हणजे डासांची कॉइल. जमिनीवर झोपलेल्या पाहुण्याच्या उशाशी आपण ती सवयीने लावतो. पंख्याने उडालेला निखारा प्लॅस्टिकवर पडला तर नुसतं भोक पडून थांबेल असं नाही, वरचं अंथरूणही पेटू शकतं. हवेच्या गादीवर कोणी झोपणार असेल त्या खोलीत मच्छरदाणी लावा.